नाव नसलेला घोडेस्वार

मेकॅनिक्सच्या पहिल्याच युनिटमध्ये आपण शिकतो की वस्तूच्या गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा तिच्या आधाराच्या आत पडली पाहिजे, नाहीतर वस्तू कलंडते. आता घोड्यावरच्या पुतळ्याचा विचार करा. चारही पाय टेकलेले असतील तर काळजी नाही. पण घोडा मागच्या दोन पायांवर उभा असेल आणि वर स्वार असेल, तर सगळा भार दोन खुरांवर! पिएत्रो टाक्का या इटालियन शिल्पकाराने १६४० च्या सुमारास स्पेनच्या चौथ्या फिलिप राजाचा असा पुतळा केला, तेव्हा घोड्याचा मागचा भाग भरीव आणि पुढचा पोकळ ठेवला. यासाठी गॅलिलिओचा सल्ला घेतला होता असं सांगतात.

असाच पुढचे पाय उचललेला एक ब्राँझचा घोडा अमेरिकेत, टेक्सासमधल्या एल पासो शहराच्या विमानतळाच्या वाटेवर आहे. उंची सुमारे ३६ फूट, म्हणजे तीन मजली होस्टेलच्या गच्चीपर्यंत. जॉन हाउसर या शिल्पकाराने तो मुलाच्या मदतीने केला. अनावरण एप्रिल २००७ मध्ये झालं. म्हणजे तोल साधला. भांडण झालं ते वर कोण बसलाय यावरून.

वर बसलाय हुआन दे ओन्याते. मेक्सिकोतल्या चांदीच्या खाणीवाल्या घरातला हा स्पॅनिश सरदार १५९८ साली शेकडो माणसं, ८० च्या आसपास गाड्या आणि हजारो जनावरं घेऊन उत्तरेला निघाला. नदीकाठच्या जुन्या वळणाच्या वाटेने न जाता त्याने वाळवंटातून सरळ रस्ता काढला. पाण्यावाचून हाल झाले, पण रिओ ग्रान्दे नदी गाठली. हीच वाट पुढे शाही रस्ता झाली, लांबी सुमारे २५६० किलोमीटर. सर्व्हेचं एकही आधुनिक यंत्र नसताना! एवढंच सांगितलं तर पुतळा उभारावा असंच कुणालाही वाटेल.

पण पुढचं ऐका. न्यू मेक्सिकोत आकोमा नावाचं गाव एका उंच खडकाच्या माथ्यावर वसलेलं आहे. डिसेंबर १५९८ मध्ये तिथे झालेल्या झटापटीत ओन्यातेचा पुतण्या आणि काही शिपाई मारले गेले. जानेवारी १५९९ मध्ये ओन्यातेच्या फौजेने गावावर हल्ला केला. सुमारे ८०० माणसं मेली. उरलेल्यांवर खटला चालवून ओन्यातेने शिक्षा फर्मावली: पंचवीस वर्षांवरच्या पुरुषांचा एक पाय तोडायचा आणि वर वीस वर्षं गुलामी.

'त्या काळात असंच चालायचं' असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही, कारण १६१४ साली मेक्सिकोत त्याच्याच राजाच्या अधिकाऱ्यांनी ओन्यातेला या क्रौर्यासह अनेक आरोपांवर दोषी ठरवलं आणि न्यू मेक्सिकोतून कायमचं हद्दपार केलं. पुढे अपील करून त्याने बरीचशी बदनामी धुऊन काढली, ते वेगळं.

आकोमाचे लोक हे विसरलेले नाहीत. न्यू मेक्सिकोतल्या अल्काल्दे गावाजवळ ओन्यातेचा दुसरा एक पुतळा होता. मोहिमेला ४०० वर्षं होण्याच्या तोंडावर, १९९७-९८ च्या हिवाळ्यात, रात्री कुणीतरी येऊन त्याचा उजवा पाय कापून नेला. फक्त पाय. बाकी पुतळ्याला धक्का नाही. शिल्पकाराने नवा पाय ओतून बसवला. शेवटी १५ जून २०२० ला हा पुतळाच हलवण्यात आला. त्याच संध्याकाळी अल्बुकर्कमध्ये ओन्यातेच्या आणखी एका पुतळ्याजवळ गोळीबार होऊन एक निदर्शक जखमी झाला. दुसऱ्या दिवशी तोही काढला.

एल पासोने मात्र फार आधी एक मजेशीर तोडगा काढला होता. पुतळा तयार होत असतानाच, २००३ साली, नगर परिषदेने त्याचं नाव बदलून 'द इक्वेस्ट्रियन', म्हणजे नुसता 'घोडेस्वार', असं केलं. चेहरा तोच, चिलखत तेच, घोडाही तोच. विरोध करणाऱ्यांना यात समाधान मिळालं नाही आणि ओन्यातेच्या चाहत्यांनाही नाही. अनावरणाच्या दिवशी समोर निदर्शनं झालीच, आकोमाहून माणसं आली होती. इतर दोन पुतळे आपापल्या जागेवरून हलले, हा बिननावाचा मात्र विमानतळाच्या वाटेवरच उभा राहिला.