आतली खोली

चि. ताईस,


नव्या घरातली आतली खोली जावईबापूंच्या ऑफिसला द्यायची की पाहुण्यांसाठी ठेवायची, असं विचारलंस. माझं मत विचारशील तर दिवसा तिथे खुशाल काम चालू दे, पण खोली लावताना आधी मुक्कामाला येणाऱ्याचा विचार कर.

वरळीच्या बीडीडी चाळीतली आपली खोली 160 चौरस फुटांची. 1920च्या दशकातलं बांधकाम, मजल्यावर सामाईक संडास. तरी गावाकडचं कुणी आलं की रात्री पॅसेजमध्ये अंथरुणं पडायचीच. ही माणसं मुंबई बघायला थोडीच यायची? केईएम आणि टाटा हॉस्पिटल परळला, आपल्यापासून जवळ. पेशंटला ॲडमिट केलं की सोबतच्या माणसाला आंघोळीला, दोन घास खायला आणि चार तास पडायला आपलंच घर. आता पुनर्विकासात 500 चौरस फूट मिळाले म्हणून गावाकडची आजारपणं संपलेली नाहीत. त्या माणसांनी आपल्याकडे हक्काने यावं, असं मला फार वाटतं.

म्हणून डबलबेड घेऊ नकोस, सगळी खोली तोच खाईल. भिंतीला लागून साडेसहा बाय तीनचा दिवाण कर, खाली गोधड्या-उशांना खण. उंची गादीसकट दीड फूट ठेव. गुडघेदुखीवाल्याला त्याहून खाली बसलं की उठवत नाही. उशाशी एक प्लग हवा. हॉस्पिटलमधून रात्री-अपरात्री फोन येतो, तेव्हा मोबाइल हाताशी आणि चार्ज असलेला बरा. कपाटातला एक कप्पा कायम रिकामा ठेव आणि दाराजवळ दोन खुंट्या ठोकून घे. नाहीतर बिचारे चार दिवस पिशवीतूनच कपडे काढतात-घालतात.

टेबल चार बाय दोनचं पुरे. खिडकी बाजूला येईल असं लाव. ती पाठीशी आली तर स्क्रीनवर उजेड चमकतो आणि व्हिडिओ कॉलवर चेहरा काळा दिसतो.

पाहुणे असतील तेव्हा जावईबापूंनी लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये बसावं. त्यांच्या मीटिंगची वेळ पाहुण्यांना सकाळीच सांगून ठेव. कॉल चालू असताना खोकलासुद्धा दाबून बसलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. बघवत नाही गं. ‘अकरा ते बारा त्यांचं काम आहे, तुम्ही आत निवांत पडा, चहा तिथेच आणते,’ एवढं म्हटलंस की त्यांचा जीव मोकळा होतो. आणि किती दिवस राहणार, हे मात्र कुणाला विचारू नकोस. डॉक्टर सोडतील तेव्हा ते जातीलच.

गावाकडचे नाना पुढच्या महिन्यात तपासणीला यायचे आहेत. सुताराला आठ-दहा दिवस तरी लागतील, तेव्हा दिवाणाचं माप याच आठवड्यात देऊन टाक.

तुझी,
आत्या