फी भरण्याआधी, पोरी

बारावीचा निकाल लागल्यापासून तुमच्या घरात दोनच विषय चाललेत: कॉलेज कुठलं घ्यायचं आणि एवढा पैसा आणायचा कुठून. बाबा म्हणतात, जमिनीचा तुकडा विकू पण शिकवू. दादा म्हणतो, डिग्रीला आता विचारतंय कोण. दोघंही तुझ्या मायेपोटीच बोलतात, पण कागदावर आकडे अजून एकानेही मांडलेले नाहीत. मावशीने उभी नोकरी कॉलेजातल्या फीच्या खिडकीमागे काढली, तेव्हा थोडं माझंही ऐक. डिग्री जरूर घे, फक्त ती कितीला पडते आणि तुझ्या कुठल्या कामी येते, हे पैसे मोजण्याआधी बघ.

१. डिग्री कशासाठी हवी ते आधी एका ओळीत लिहून काढ — डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट व्हायचं तर तिच्यावाचून दारच उघडत नाही, तिथे वाद घालण्यात दिवस घालवू नयेत.

२. स्पर्धा परीक्षा मनात असेल तर महागडं कॉलेज घेऊ नकोस — राज्यसेवेला आणि यूपीएससीला कुठल्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी चालते, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचीसुद्धा. त्या अर्जात तू किती फी भरलीस याचा रकाना नसतो.

३. धाकट्याला आत्ताच सांगून ठेव की दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं — आणि मध्येच नोकरी धरावीशी वाटली तर हातात डिप्लोमा असतो, रिकामे हात नसतात. आयटीआयनंतरच्या अप्रेंटिसशिपमध्ये शिकता शिकता विद्यावेतनही मिळतं.

४. फी विचारताना ‘ट्यूशन फी किती’ एवढ्यावर थांबू नकोस. पूर्ण कोर्सचा लेखी ब्रेकअप माग — डेव्हलपमेंट, परीक्षा, होस्टेल, मेस, डिपॉझिट, गणवेश, लॅपटॉप आणि सणावाराला घरी यायचं एसटीचं भाडं, सगळं धरल्यावरच खरा आकडा दिसतो. विचारणाऱ्याला घटकाभर संकोच, न विचारणाऱ्याला चार वर्षं घोर.

५. खाजगी व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरणाने किती मंजूर केली आहे ते त्यांच्या संकेतस्थळावर बघ, आणि त्याचा प्रिंट पिशवीत ठेव — २०१५ च्या राज्याच्या कायद्याने ही फी प्राधिकरण ठरवतं, त्यामुळे काउंटरवर वेगळा आकडा निघाला तर बोलायला कागद लागतो.

६. पावती नाही ती फी नाही — १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित कॉलेजं वाढली तसं ‘डोनेशन’ही वाढलं, आणि १९८७ च्या कायद्याने ते घेणं गुन्हा ठरवलं. कुणी ‘वरचे कॅशमध्ये द्या, सीट पक्की’ म्हणालं की बाबांचा हात धरून तिथून उठायचं.

७. फी भरायला तू स्वतः खिडकीशी उभी राहा. हे मी आग्रहाने सांगते. मी वर्षानुवर्षं हेच चित्र पाहिलं: वडील शर्टच्या आतल्या खिशातून रबर लावलेली नोटांची गड्डी काढतात, थुंकी लावून दोनदा मोजतात आणि खाली वाकून जाळीतून हळूच विचारतात, ‘मॅडम, सगळे आजच भरायचे का? दोन टप्प्यांत चालेल?’ मुलगा मागे खांबाला टेकून मोबाइल बघत असतो. तो काही वाईट नसतो, त्याला कुणी पुढे बोलावलेलंच नसतं — नोटा मोजताना बापाची बोटं ज्याने पाहिली, तो लेक्चर सहसा बुडवत नाही.

८. आणि हो, हप्त्यांत भरायची सोय कॉलेजांत पुष्कळदा असते — पण ती अर्ज केल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही. तोंडी विनंती हवेत जाते, अर्जावर आवक क्रमांक पडतो.

९. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेयर सेतू केंद्रात आणि जातपडताळणीचा अर्ज पडताळणी समितीकडे, हे सगळं निकालाआधीच टाकून ठेवायला हवं होतं. राहिलं असेल तर उद्या सकाळी जा — एका दाखल्यापायी सवलतीची सीट खुल्या वर्गातली होते आणि फीचा आकडा तिथल्या तिथे फिरतो.

१०. आधार, गुणपत्रिका आणि बँकेचं पासबुक, तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का बघ, आणि खातं आधारला जोडून घे — महाडीबीटीची शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. एका अक्षराने अडलेली शिष्यवृत्ती सोडवताना पोरं वर्षभर हेलपाटे घालतात.

११. तू मुलगी आहेस, तर ही गोष्ट दारावर चिकटवून ठेव: २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे — पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला, खाजगी आणि खाजगी अभिमत विद्यापीठांना ही माफी नाही. घाईने त्या बाजूला सही केली की माफीवर पाणी.

१२. चुलतभावालाही कळव की त्याच्यासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि होस्टेलच्या खर्चाला पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार — अटी आणि उत्पन्नाची मर्यादा प्रत्येकाची वेगळी, म्हणून ऐकीव माहितीवर ‘आपल्याला बसत नाही’ म्हणायचं नाही. आणि अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करायचं असतं. पहिल्या वर्षी भरलं म्हणून चारही वर्षं येत नाही.

१३. ऑप्शन फॉर्म भरताना झेपणार नाही असं कॉलेज हौसेने पहिल्या नंबरवर टाकू नकोस — पहिल्याच फेरीत ते लागलं तर सीट आपोआप फ्रीझ होते, मग बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या फेरीत दुसरं कॉलेज मिळवायला वाव राहत नाही.

१४. साडी घेताना पदर उलटून मागची बाजू बघतेस ना, तसंच माहितीपत्रकाचं कर — ‘हायेस्ट पॅकेज’ एकालाच मिळालेलं असतं. एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं आपली माहिती संकेतस्थळावर ठेवतात. त्यात किती जण पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मधला पगार किती, हे तीन आकडे शोध.

१५. नॅकचा बोर्ड बघून हुरळू नकोस, तुझ्या ब्रँचला एनबीए आहे का तेही विचार — नॅकचं मानांकन सबंध संस्थेला असतं, एनबीएचं त्या त्या कोर्सला.

१६. एकदा तरी कॉलेज सुटायच्या वेळी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बस — ऑफिसात मिळत नाही ती माहिती शेवटच्या वर्षाची मुलं तिथे फुकट देतात. लॅब किती दिवस बंद असते, इथपासून.

आता कर्जाचं. इथे जरा सावकाश वाच, कारण याला घाबरणारे आणि याला न घाबरणारे, दोघंही फसतात.

१७. १० लाख, १० टक्के, १० वर्षं, असं धरलं तर हप्ता महिना सुमारे १३,२०० रुपये येतो आणि एकूण १५ लाख ८५ हजारांच्या आसपास जातात — शिकत असतानाचं व्याज यात नाहीच. म्हणून १४ व्या मुद्द्यातला मधला पगार या हप्त्याशेजारी लिही. पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यावर हप्ता जात असेल तर कॉलेज स्वस्तातलं बघ किंवा कोर्स बदल, एवढं मी ठामपणे सांगते.

१८. कोर्स आणि त्यावर साधारण एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज सुरूच असतं — पहिल्या वर्षी अडीच लाख उचलले तर महिन्याला दोन हजारांच्या थोडं वर. तेवढं घरून भरत गेलात तर नंतरचा डोंगर वाढत नाही, आणि काही बँका त्याबद्दल व्याजात एक टक्का सूटही देतात.

१९. साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँका सहसा घर-जमीन तारण मागत नाहीत, तेव्हा सातबारा घेऊन धावण्याआधी मॅनेजरला हे स्पष्ट विचारा — शेत एकदा गहाण पडलं की घरातल्या प्रत्येकाचं बोलणं बदलतं. २०२४ च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर व्याजात ३ टक्के सवलतही आहे, मात्र यादीतल्याच संस्थांसाठी. आपलं कॉलेज त्यात आहे का ते आधी बघा.

२०. बाबा सहकर्जदार असतात हे विसरू नकोस — हप्ता तुझा चुकला तरी सिबिल दोघांचंही बिघडतं.

२१. शिकताना थोडं कमवायला लाजू नकोस — कर्मवीर भाऊरावांनी ‘कमवा आणि शिका’ यावरच मुलं घडवली, आणि पुणे विद्यापीठात त्यांच्याच नावाने ती योजना चालते. लायब्ररीत पुस्तकं लावणाऱ्या मुलीला ग्रंथपाल नवी पुस्तकं आधी देतात, हे तर मी डोळ्यांनी पाहिलंय.

२२. ओरिजिनल कागद तपासायला दाखव, पण ठेवून येऊ नकोस. दहा झेरॉक्स संच आणि एक स्कॅन जवळ ठेव — यूजीसीने २०१८ मध्ये मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला मनाई केली आहे.

२३. आणि प्रवेश घेतल्यावर मन लागलं नाही, कोर्स आपला नाही असं आतून वाटलं, तर दिवाळीपर्यंत कुढत बसू नकोस — त्याच नियमाने परत मिळणारी फी तारखेनुसार कमी होत जाते, आणि प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटले की काही मिळत नाही. पहिल्याच आठवड्यात फोन कर. बाबांशी मी बोलते.