शोभिवंत माशांची पिल्ले : पहिले दहा दिवस आणि जिवंत खाद्य

जालना म्हटले की बियाणे, लोखंडी सळई आणि मोसंबी यांची नावे घेतली जातात. शोभिवंत माशांचे नाव कोणी घेत नाही. तरीही काचेच्या टाक्या जोडणारे कारागीर, मासे विकणारे दुकानदार आणि घरबसल्या काही उद्योग करू इच्छिणाऱ्या आमच्या भगिनी यांच्यासाठी या धंद्यात जागा आहे. बाहेरच्या ठोक बाजारातून माल आणला की भाडे आणि वाटेतली मरतूक दोन्ही दुकानदाराच्याच अंगावर पडतात. पिल्ले गावातच तयार झाली तर हा तोटा वाचतो.

अडचण एकच आहे. हौसेने सुरुवात करणाऱ्याला अंडी मिळतात, पिल्लेही निघतात. पण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान सगळी मरतात. मग माणूस नशिबाला किंवा पाण्याला दोष देऊन टाकी विकून टाकतो. वस्तुतः बहुतेक वेळा ती पिल्ले उपाशी मेलेली असतात.

प्रयोगशाळेचा धडा

दुकानात स्वस्तात मिळणारा निळ्या पट्ट्यांचा झेब्रा मासा मूळचा आपल्याच उपखंडातील नद्या-ओढ्यांचा. १८२२ साली हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात त्याची नोंद केली. पुढे अमेरिकेत स्ट्राइसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणले. आज मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था येथेही या माशावर संशोधन चालते. प्रयोगशाळा आपले मासे बहुधा स्वतःच वाढवितात, म्हणून तेथे माल विकण्याची आशा धरू नये. त्यांची पद्धत मात्र जरूर उचलावी.

झेब्राची अंडी २८ अंश तापमानात दोन-तीन दिवसांत फुटतात. पिल्लू सुरुवातीला पोटाखालच्या बलकावर जगते. पाचव्या दिवशी ते पोहू लागते व तोंडाने खाऊ लागते. बलक साधारण सातव्या दिवसापर्यंत संपतो. या दोन-तीन दिवसांत तोंडात मावेल असे खाद्य समोर आले नाही, तर पुढे कितीही दिले तरी उपयोग होत नाही. पिल्लू हलणाऱ्या भक्ष्यावरच झडप घालते. उकडलेल्या अंड्याचा बलक कापडातून गाळून देण्याची जुनी रीत आहे. पण तो तळाशी बसतो, सडतो आणि पाणी नासवतो.

खाद्याचा क्रम

१) पाचव्या ते नवव्या दिवसापर्यंत : पॅरामेशियम किंवा रोटिफर. पॅरामेशियमसाठी स्वच्छ बरणीत शिळवलेले पाणी व उकळलेले गव्हाचे चार-पाच दाणे घालून त्यात जुन्या बरणीतील विरजण सोडावे. आठवड्याभरात पाणी उजेडात धरले की पांढरे कण फिरताना दिसतात. रोटिफर खाऱ्या पाण्यात वाढतो. म्हणून पिल्लांच्या पाण्यात लिटरला ५ ग्रॅम जाडे मीठ घातले, तर रोटिफर व पिल्ले काही दिवस एकत्र राहतात आणि पिल्लू केव्हाही खाऊ शकते. या पद्धतीने ८० टक्क्यांहून अधिक पिल्ले जगल्याच्या नोंदी आहेत. कोणतेही विरजण एकाच बरणीत ठेवू नये. ते अचानक बसते, म्हणून दोन-तीन बरण्या चालू ठेवाव्यात.

२) नवव्या-दहाव्या दिवसापासून : आर्टेमिया. लिटरला २५ ते ३० ग्रॅम मीठ, २८ अंश तापमान, उजेड आणि सतत हवा दिल्यास आर्टेमियाची अंडी सुमारे २४ तासांत फुटतात. मग हवा बंद करावी. रिकामी टरफले वर तरंगतात, नारिंगी जीव खाली बसतात. ते नळीने काढून, गाळून, गोड्या पाण्यात धुऊन लगेच द्यावेत. टरफले पिल्लांच्या पोटात अडकतात. उशीर केला तर आर्टेमियाचा कस उतरतो. पिल्लाचे पोट नारिंगी दिसले की ते जेवले असे समजावे.

३) दोन आठवड्यांनंतर : बारीक कोरडे खाद्य हळूहळू वाढवावे. सुमारे तीन महिन्यांत मासा मोठा होतो.

गोरामी व फायटर यांची पिल्लेही अशीच बारीक असतात. गप्पी व मोली मात्र जिवंत पिल्ले देतात आणि ती पहिल्या दिवसापासून आर्टेमिया खातात. नवशिक्याने यांच्यापासून सुरुवात करावी.

जालन्याचे पाणी

नळाचे पाणी क्लोरीन उडण्यासाठी हवा लावून २४ तास शिळवावे. बोअरचे पाणी जड असले तरी झेब्राला ते चालते. थंडीच्या रात्री हीटर लावावा आणि उन्हाळ्यात टाकी पत्र्याखाली ठेवू नये. उरलेले खाद्य रोज नळीने काढावे. २०१२-१३ चा दुष्काळ जिल्हा विसरलेला नाही, म्हणून टाकीतून काढलेले गोडे पाणी कुंड्यांना घालावे. मिठाचे पाणी मात्र झाडांना घालू नये.

सचोटीचा प्रश्न

आर्टेमियाचा डबा एकदा उघडला की दमटपणाने अंडी फुटण्याचे प्रमाण घटते. सुटी पुडी विकणाऱ्या दुकानदाराने डबा उघडल्याची तारीख पुडीवर लिहावी. घेणाऱ्याने चिमूटभर अंडी फोडून पाहावीत, मगच मोठा सौदा करावा. चांगल्या मालाच्या एका ग्रॅमपासून दोन लाखांच्या आसपास जीव मिळतात. माल निकृष्ट निघाला तर घेणाऱ्याचे पैसेच जातात असे नाही, एक संपूर्ण वीण उपाशी मरते. मुक्या जिवांची उपासमार आणि ग्राहकाची फसवणूक यांतून आलेल्या पैशात बरकत कोठून येणार? मापात व मोजणीत सचोटी हा आपल्या दीनचाच हुकूम आहे.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. तीत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा घटक होता व महिलांसाठी अनुदानाचे प्रमाण अधिक होते. आज काय उपलब्ध आहे, याची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी. मात्र अनुदानाच्या भरवशावर धंदा उभारू नये. आधी दोन बरण्या विरजण लावावे, ते महिनाभर टिकवून दाखवावे आणि मगच अंड्यांच्या मागे लागावे. ज्याला खाद्य जगविता आले, त्याची पिल्लेही इन्शाअल्लाह जगतील.