देशाची पत व देशाचे उत्पन्न
(खानदेशच्या उदाहरणावरून एक अभ्यास)

विद्यार्थी मित्रहो, अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ‘उत्पादन’ व ‘वित्त’ ही प्रकरणे निरनिराळी छापलेली असतात, त्यामुळे त्यांचा परस्परांशी फारसा संबंध नसावा असा समज होतो. शेतकरी पिकवितो, विणकर विणतो. पेढीवाला ना पिकवितो ना विणतो. मग देशाच्या उत्पन्नात पेढीचा वाटा कोणता? या प्रश्नाचा विचार आपल्या खानदेशाच्या अनुभवावरून करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम काळाचा विचार करू. सालदाराचे साल आखाजीस ठरते, पावसाबरोबर कपाशीची पेरणी होते आणि बोंडे वेचावयास दिवाळी उजाडते. बियाणे, खत व मजुरी यांचा खर्च आधी, उत्पन्न मात्र मागाहून. या मधल्या महिन्यांत शेत चालू ठेवणे हे कर्जाचे पहिले कार्य होय. ज्याजवळ आज पैसा पडून आहे त्याच्याकडून, ज्याला आज काम करावयाचे आहे त्याच्याकडे तो पोहोचविणे, यासच आपण वित्तव्यवस्था म्हणतो.

परंतु हा पैसा कोणत्या दराने पोहोचतो, यावर सर्व काही अवलंबून असते. पूर्वी बियाण्याचे दाणे सवाईने देत. म्हणजे एक मण नेला तर हंगामास सव्वा मण परत करावयाचा. मुदत पाच महिन्यांची धरली तर हा दर वर्षाला शेकडा ६० होतो! आता असे समजा की, एका शेतकऱ्याने एक लाख रुपये कर्ज काढून विहीर खोदली व तिच्यामुळे त्याचे उत्पन्न दरसाल १५,००० रुपयांनी वाढले. व्याज शेकडा ९ असेल, तर पहिल्या वर्षी ९,००० व्याजात जाऊन ६,००० मुद्दलात जातात आणि सुमारे अकरा वर्षांत सारे कर्ज फिटते. व्याज शेकडा २४ असेल, तर २४,००० देणे पडतात, म्हणजे ९,००० ची तूट येते. विहीर तीच, पाणी तेच, कष्ट तेच. परंतु दुसऱ्या दराने ती विहीर खोदलीच जाणार नाही. विहिरीच्या जागी केळीच्या बागेतील ठिबक सिंचन घेतले तरी हिशेब हाच. महाग व्याजामुळे देशाचे जे नुकसान होते, ते बहुधा अशा न खोदलेल्या विहिरींच्या रूपाने होते; म्हणून ते डोळ्यांस दिसत नाही.

केवळ पैसा पुष्कळ आला म्हणजे उत्पादन वाढते, असेही नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले असता तिकडील कापूस इंग्लंडला मिळेना. तेव्हा आपल्याकडील कापसास अपूर्व भाव आला व जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. मुंबईत त्या पैशाचा मोठा भाग समुद्र हटविण्याच्या योजनांच्या शेअरांवरील सट्ट्यात गेला. युद्ध संपले, भाव कोसळले. जळगावच्या व्यापारास जबर धक्का बसला आणि मुंबईची बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली. पैसा आला खरा, परंतु जो भाग सट्ट्यात गेला त्याने उत्पादनाची शक्ती मुळीच वाढली नाही.

सावकारी कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत दंगे केले. त्यानंतर १८७९ चा कायदा झाला. परंतु कायद्याने सावकारास आवर घालता येतो. त्याच्या जागी दुसरा धनको उभा करता येत नाही. ते काम १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने आरंभिले. जर्मनीत रायफायझन याने घालून दिलेल्या पद्धतीचा कित्ता त्यात होता. गावातील माणसे परस्परांस ओळखतात. कोण कष्टाळू, कोण उधळ्या, हे त्यांस ठाऊक असते. या ओळखीचेच त्यांनी तारण केले. तथापि प्रगती मंद होती. १९५१-५२ च्या अखिल भारतीय पाहणीत असे आढळले की, शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा सुमारे तीनच होता, तर सावकारांचा दोन-तृतीयांशाहून अधिक होता. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्याचे एक कारण हेच होय.

कर्जाहून निराळा मार्ग भागभांडवलाचा. २९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेर येथे वनस्पती तुपाची एक कंपनी स्थापन झाली व तिचे भाग लोकांनी घेतले. भागधारकास ठरीव व्याज मिळत नाही. नफ्यातोट्यात तो वाटेकरी असतो. म्हणूनच नव्या धंद्यास हे भांडवल मानवते. तीच कंपनी पुढे संगणकांच्या व्यवसायात शिरली आणि विप्रो या नावाने जगभर गेली. अमळनेरच्या ज्या कुटुंबांनी ते भाग जपून ठेवले, त्यांस त्याचे मोठे फळ मिळाले. मात्र सर्वच कंपन्या अशा निघत नाहीत, हे पालकांनी विसरू नये.

या साऱ्या व्यवस्थेचा पाया विश्वास हा होय. संचालकांनी आप्तेष्टांस तारणावाचून कर्जे वाटली, तर ठेवीदाराचा पैसा बुडतो. इतकेच नव्हे, तर लोक पुन्हा पैसा मडक्यात पुरू लागतात अथवा सोन्यात अडकवितात आणि उद्योग उपाशी राहतो. जळगाव जिल्ह्यातील पतसंस्थांच्या ठेवीदारांनी हे दुःख भोगले आहे. बँकेतील ठेवीस २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवीस तो विमा लागू नाही. हा भेद प्रत्येक घरी ठाऊक असावा. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही २००८ साली, परतफेडीची ऐपत न पाहता दिलेल्या गृहकर्जांमुळे मोठमोठ्या पेढ्या कोसळल्या व लक्षावधी लोकांचे काम गेले.

तात्पर्य, वित्त हे शेतातील पाटासारखे आहे. पाट स्वतः काही पिकवीत नाही. परंतु तो फुटला, अगर एकाच्याच शेतात वळविला गेला, तर बाकीचे रान वाळते. विद्यार्थ्यांनी एक गोष्ट करावी. आपल्या घरी शेवटचे कर्ज कोणत्या दराने घेतले व त्यातून उत्पन्न किती वाढले, हे वडील मंडळींस नम्रपणे विचारावे आणि वरील विहिरीप्रमाणे हिशेब मांडून पाहावा. असा हिशेब घरोघर मांडला जाऊ लागेल, तर या पाठाचा हेतू सफळ झाला असे आम्ही समजू.