शून्य विरुद्ध सत्तर : सार्क बेटाच्या फुटबॉल संघाचा अभ्यास

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील समुद्रात, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, सार्क नावाचे एक बेट आहे. (दक्षिण आशियाई राष्ट्रांच्या 'सार्क' संघटनेशी या नावाचा काहीही संबंध नाही.) क्षेत्रफळ जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटर, लोकवस्ती पाचशे ते सहाशे. विमानतळ नाही, मोटारगाड्यांना मज्जाव आहे. ट्रॅक्टर, सायकल आणि घोडागाडी हीच काय ती वाहने. १५६५ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने हे बेट हेलियर द कार्तरे यांना सरंजाम म्हणून दिले, तेव्हा अट अशी होती की, रक्षणासाठी किमान ४० शस्त्रधारी पुरुष तेथे कायम वसलेले असावेत. तेव्हा प्रश्न चाळिसांचा होता; २००३ मध्ये तो अकरांचा झाला.

त्या वर्षी शेजारच्या गर्न्सी बेटावर 'आयलंड गेम्स' भरले होते. १९८५ मध्ये आइल ऑफ मॅन येथे सुरू झालेल्या आणि दर दोन वर्षांनी होणाऱ्या या स्पर्धेत बेटे किंवा बेटांसारखे छोटे प्रदेश आपापले संघ पाठवितात. फुटबॉलमध्ये सार्कने संघ उतरविला. पैसे घेऊन खेळणारा त्यात कोणी नव्हता. निकाल असे लागले : जिब्राल्टरकडून ०-१९, आइल ऑफ वाइटकडून ०-२०, ग्रीनलँडकडून ०-१६ आणि शेवटच्या स्थानासाठीच्या सामन्यात नॉर्वेच्या फ्रोया बेटाकडून ०-१५. चार सामन्यांत एकूण ७० गोल स्वीकारले, केला एकही नाही. सरासरी पाच मिनिटांना एक.

हे आकडे वाचून हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु अभ्यासकाने आधी लोकसंख्या पाहावी. आइल ऑफ वाइटची वस्ती सव्वा लाखाच्या पुढे, ग्रीनलँडची पन्नास हजारांवर, तर फ्रोयासारखे लहान बेटही चार हजारांच्या आसपास. सार्कच्या सहाशेंमधून स्त्रिया, बालके आणि वृद्ध वजा केले, तर खेळण्याच्या वयाचे पुरुष ढोबळमानाने शंभर उरतात. त्यांतही सर्वांनाच फुटबॉलची आवड असेल असे नाही. शिवाय उच्च माध्यमिक शिक्षणासाठी मुलांना बेट सोडावे लागते. घर सोडून शिकण्याचा अर्थ निवासी शाळेच्या आपल्या वाचकांना वेगळा सांगावयास नको. ज्या वयात खेळाडू घडतो, नेमक्या त्याच वयात तो बेटावर नसतो.

फुटबॉलचा एक नियम येथे ध्यानात घ्यावा. ज्या संघावर गोल होतो, त्यानेच मध्यबिंदूवर चेंडू ठेवून खेळ पुन्हा सुरू करावयाचा असतो. कितीही फरक पडला तरी दयेपोटी सामना थांबविण्याची तरतूद या खेळात नाही. म्हणजे त्या चार सामन्यांत सार्कच्या खेळाडूंनी जवळजवळ सत्तर वेळा जाळ्यातून चेंडू काढला, मैदानाच्या मध्यापर्यंत नेला आणि पुन्हा पहिली लाथ मारली. विसांच्या पराभवानंतर माघार घेता आली असती. संघ उरलेले दोन्ही सामने खेळला. गोलांची संख्या पुढे घटली हे खरे, पण प्रतिस्पर्धीही बदलले होते. त्यावरून प्रगतीचा निष्कर्ष काढणे मला तरी धाडसाचे वाटते.

खरी अडचण कौशल्याची नसून सरावाची आहे. उत्तम प्रतिस्पर्ध्यावाचून खेळ सुधारत नाही, आणि सार्कसारख्या बेटावर दुसरा संघ आणावा कोठून? इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सिली बेटांनी याचे उत्तर आपल्या परीने शोधले आहे. सुमारे बावीसशे वस्तीच्या या बेटसमूहात जगातील सर्वांत लहान मानली जाणारी फुटबॉल लीग चालते. तिच्यात दोनच संघ आहेत, वूलपॅक वाँडरर्स आणि गॅरिसन गनर्स. सेंट मेरीज बेटावरील एकाच मैदानात तेच दोघे हंगामभर एकमेकांशी खेळतात; लीगही त्यांचीच आणि चषकही त्यांचेच. एकच संघ कायम वरचढ ठरला, तर दुसऱ्या हंगामात खेळावयास कोण येणार? म्हणून हंगामाच्या आरंभी दोन्ही कर्णधार एकत्र बसतात आणि उपलब्ध खेळाडूंतून आळीपाळीने एकेक निवडून दोन संघ नव्याने बांधतात. गतवर्षीचा प्रतिस्पर्धी यंदा सहकारी होतो. कालचा गोलरक्षक आज समोरच्या जाळ्यापुढे उभा असतो.