सरकारचा परवाना व रयतेचे मत

(शास्त्रपाठ : रोम. १३ : १–७)

अधिकारी हा आपल्या बऱ्याकरिता नेमलेला देवाचा सेवक होय, अशी पौल प्रेषिताची शिकवण आहे. म्हणूनच ज्या वस्तूस त्याचा परवाना मिळतो ती लोकांस निर्दोष वाटू लागते. पूर्वी मुंबई इलाख्यात अफू परवान्याच्या दुकानी उघड विकली जाई. गिरणीत जाणाऱ्या कित्येक आया तान्ह्या लेकरांस अफूची बाळगोळी देऊन निजवीत, व त्यांस कोणी नावे ठेवीत नसे. १८९३ साली नेमलेल्या अफू कमिशनापुढे कित्येक मिशनऱ्यांनी ह्या व्यसनाविरुद्ध साक्ष दिली. तरी १८९५ च्या अहवालात अफूबंदीची गरज नाही असेच ठरले. (अफूचे उत्पन्न सरकारी तिजोरीत जात होते, हेही ध्यानात असावे.) आज लेकरास अफू देणाऱ्या आईस शेजारीणच अडवील.

पौलाने कर देण्यास सांगितले; परवान्याची प्रत्येक वस्तू सेवन करण्यास नव्हे. हा भेद उपदेशकांनी मंडळीस उलगडून सांगावा. गावच्या देशी दारूच्या दुकानासही परवाना असतोच. ते बंद व्हावे म्हणून महाराष्ट्रात मतदान मागता येते. आडव्या बाटलीस मत म्हणजे दुकान बंद. मंडळीतील स्त्रियांस ही रीत ठाऊक आहे काय, हे येत्या रविवारी विचारावे.