ओसाका शहराची पहिली भेट : काय पाहावे, काय शिकावे



आपल्या समाजातील मुले-मुली आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी जपानला जाऊ लागली आहेत. परत आल्यावर ती कौतुकाने फोटो दाखवतात. फोटोत किल्ला असतो, चेरीची फुले असतात, रात्रीच्या झगमगत्या पाट्या असतात. हे पाहण्यात गैर काहीच नाही. परंतु ज्या देशात सहाव्या शतकापासून धम्म नांदतो आहे, तेथे बौद्ध माणसाने आणखी काही पाहिले पाहिजे आणि काही प्रश्नही विचारले पाहिजेत. तशी पाहणी चार दिवसांत कशी करता येईल, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

जपान आपल्याला अगदी परका नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नागपुरात आलेले भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई हे मूळचे जपानचेच. पण टोकियो किंवा क्योतो सोडून ओसाकाच का निवडले? कारण सुमारे २७ लाख वस्तीच्या या व्यापारी शहरात एक प्रश्न पावलोपावली भेटतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी विचारले आहे, की भिक्खूसंघ निर्माण करण्यामागे बुद्धांचा हेतू कोणता होता? स्वतःपुरता परिपूर्ण माणूस घडवणे, की समाजाचा सेवक घडवणे? या प्रश्नाची उत्तरे ओसाकात दगड-लाकडात उभी आहेत. काही उत्तरे अभिमानाची आहेत, तर काही मान खाली घालायला लावणारी.

पहिला दिवस : शितेन्नोजी

शहरात आल्यावर प्रथम शितेन्नोजी विहाराला जावे. भुयारी रेल्वेच्या तानिमाची मार्गावरील 'शितेन्नोजी-माए युहिगाओका' स्थानकापासून तो पायी पाच-सात मिनिटांवर आहे. राजपुत्र शोतोकु (५७४ ते ६२२) याने हा विहार इ. स. ५९३ मध्ये स्थापन केला. दक्षिणेचे द्वार, पाच मजली स्तूपमनोरा, सुवर्णसभागृह आणि प्रवचनसभागृह एका सरळ रेषेत आहेत. आजच्या इमारती मात्र जुन्या नाहीत. १९३४ च्या वादळात मनोरा कोसळला. १९४५ च्या बॉम्बवर्षावात पुष्कळ भाग जळाला. नंतर तो जुन्या आराखड्याप्रमाणे काँक्रीटमध्ये पुन्हा बांधण्यात आला.

आपण लक्षात ठेवायची गोष्ट निराळीच आहे. परंपरा सांगते, की शोतोकुने येथे चार विभाग उभे केले. एक धर्मसाधनेचा, दुसरा औषधे बनवून वाटण्याचा, तिसरा रुग्णांच्या उपचाराचा आणि चौथा अनाथ, वृद्ध व निराधारांच्या निवाऱ्याचा. म्हणजे चारांपैकी तीन विभाग दुःखी माणसासाठी होते. आजही या विहाराशी जोडलेल्या संस्था रुग्णालय, वृद्धाश्रम, शाळा व विद्यापीठ चालवतात. दर महिन्याच्या २१ व २२ तारखेला आवारात जत्रा भरते. शक्य झाल्यास तेव्हा जावे, म्हणजे विहार सामान्य माणसांनी भरलेला पाहता येतो.

येथे पैशाच्या व्यवहाराचाही एक धडा आहे. हा विहार बांधणाऱ्या कोरियन कारागिरांपैकी एकाच्या घराण्याने 'कोंगो गुमी' ही बांधकाम पेढी चालवली. तिची स्थापना ५७८ सालची मानतात. चौदा शतके विहार बांधणारी ही पेढी जमिनीच्या व्यवहारातील कर्जाने अडचणीत आली आणि २००६ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या छत्राखाली गेली. आमच्या बँकेच्या टेबलावर रोज जे दिसते तेच हे. मूळ काम सोडून कर्ज काढून हाव धरली, की चौदाशे वर्षांची पुण्याईही कमी पडते. संस्था चालवणाऱ्यांनी हे विसरू नये.

दुपारी ओसाका किल्ला पाहावा. तोयोतोमी हिदेयोशीने १५८३ मध्ये त्याचे काम सुरू केले. सध्याचा मनोरा १९३१ मध्ये नागरिकांच्या वर्गणीतून उभा राहिला. परंतु किल्ल्याच्या आधी या टेकडीवर होनगांजी हा मठ होता, हे बहुतेक प्रवाशांना ठाऊक नसते. भिक्खू रेन्न्यो याने १४९६ मध्ये त्याची सुरुवात केली. त्याच्याभोवती शेतकरी, कारागीर व व्यापारी यांचे गाव वसले आणि ओसाका हे नावही तेव्हापासूनच कागदोपत्री आढळते. १५७० ते १५८० अशी दहा वर्षे या मठाने ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला दाद दिली नाही. राजाच्या किल्ल्याखाली सामान्यांचा मठ गाडला गेला आहे, हे लक्षात ठेवूनच पायऱ्या चढाव्यात.

दुसरा दिवस : तेकिजुकु आणि आशिहाराबाशी

सकाळी विद्यार्थ्यांनी तेकिजुकु ही शाळा अवश्य पाहावी. सोमवारी ती बंद असते. वैद्य ओगाता कोआन यांनी १८३८ मध्ये ती सुरू केली आणि १८४५ मध्ये आजच्या लाकडी घरात आणली. बाहेरचे ज्ञान तेव्हा डच भाषेतून येई. वरच्या मजल्यावर विद्यार्थी एकेका चटईएवढ्या जागेत झोपत आणि अभ्यास करत. एका डच-जपानी शब्दकोशावर सर्वांची भिस्त होती. त्या कोशाची खोली वेगळी होती आणि तेथे रात्रंदिवस पाळी लागलेली असे. आधुनिक जपानचे विचारवंत फुकुझावा युकिची याच माडीवर शिकले. कोआन यांनी १८४९ मध्ये ओसाकात देवी रोगाची लस टोचण्याचे केंद्रही काढले. आपल्यापैकी ज्यांनी एका खोलीत सात माणसांत, रस्त्याच्या दिव्याखाली किंवा वाचनालयात पाळी लावून अभ्यास केला, त्यांना ती माडी पाहून घरची आठवण येईल.

दुपारी लोहमार्गाच्या वर्तुळरेषेवरील आशिहाराबाशी स्थानकावर उतरावे. सहलीच्या माहितीपत्रकांत ही जागा क्वचितच असते. येथील नानिवा भागात पूर्वी कातडी कमावणारे आणि मोठे ढोल, म्हणजे 'ताइको', बनवणारे लोक राहत. विहारात ढोल हवा, उत्सवात ढोल हवा, पण ढोल बनवणारा मात्र अशुद्ध, अशी तेथील रीत होती. मेलेली जनावरे, कातडे व प्रेत यांच्याशी संबंधित कामे करणाऱ्या या लोकांना आज 'बुराकु' म्हणून ओळखतात. मित्रहो, ते रंगाने, भाषेने, धर्माने इतर जपान्यांसारखेच. बहुतेक बौद्धच. तरीही काही विहारांनी त्यांना मृत्यूनंतर द्यायच्या धर्मनावातसुद्धा हीनत्वदर्शक अक्षरे घातली. थडग्यावरही अस्पृश्यता कोरली गेली.

१८७१ च्या फर्मानाने हा दर्जा कायद्याने संपला. पण कुटुंबनोंदणीच्या दप्तरातून मूळ गाव शोधता येत असे, म्हणून लग्न व नोकरी अडतच राहिली. बुराकु वस्त्यांच्या नावांच्या याद्या कंपन्यांना विकल्या जात होत्या, हे १९७५ मध्ये उघड झाले. अर्ज कोणाचा फेटाळायचा हे त्या यादीवरून ठरे. या भेदभावाच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा व्हायला २०१६ साल उजाडले.

या लोकांनी ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे 'सुइहेइशा', म्हणजे समतेची संघटना, स्थापन केली. तिचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची हे एका बौद्ध विहारातच जन्मलेले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै १९२४ मध्ये, मुंबईत बाबासाहेबांची बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. एक हाक तिकडे उठली, एक इकडे.

आशिहाराबाशी स्थानकाच्या परिसरात ढोलाच्या आकाराच्या शिल्पांनी रस्ता सजवला आहे. १९८७ मध्ये येथील तरुणांनी ढोलपथक उभारले. त्याचे नाव 'इकारी', म्हणजे संताप. येथे थांबून थोडा विचार करावा. आपल्या वाडवडिलांनी धर्मांतरानंतर हलगी खाली ठेवली, कारण ती बलुत्याची खूण होती. नानिवाच्या तरुणांनी ढोल हाती घेतला, कारण जे कसब हीन ठरवले गेले तेच त्यांना अभिमानाने मिरवायचे होते. वाटा उलट दिसतात, पण दोन्हींच्या मुळाशी स्वाभिमानच आहे.

दोन सूचना. येथील १९८५ चे मानवी हक्क संग्रहालय २०२० मध्ये बंद झाले. जुनी पुस्तके पाहून त्याच्या शोधात जाऊ नये. आणि या वस्तीत घरांचे फोटो काढू नयेत, कोणालाही 'तुम्ही बुराकु का?' असे विचारू नये. असा प्रश्न आपल्याला कसा लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

तिसरा दिवस : नारा

ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून किन्तेत्सु रेल्वेने नारा सुमारे चाळीस मिनिटांवर आहे. स्थानकाबाहेर कारंज्यावर एका भिक्खूचा पुतळा दिसेल. ते ग्योकी (६६८ ते ७४९). त्यांनी लोकांना बरोबर घेऊन पूल, तळी व कालवे बांधले. सरकारला ही चळवळ खपली नाही आणि ७१७ मध्ये तिच्यावर बंदी आली. पुढे तोदाईजी विहारातील महाबुद्धमूर्तीसाठी लोकवर्गणी हवी झाली, तेव्हा त्याच सरकारने ग्योकींना हाक मारली आणि ७४५ मध्ये सर्वोच्च भिक्खूपद दिले. सुमारे १५ मीटर उंचीच्या त्या मूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा विधी ७५२ मध्ये झाला. तो ज्यांच्या हस्ते झाला ते भिक्खू बोधिसेन हे भारतीय होते.

चौथा दिवस : कोयासान

नाम्बाहूनच नानकाई रेल्वे गोकुराकुबाशीपर्यंत जाते. तेथून दोरखंडाच्या गाडीने डोंगर चढायचा. भिक्खू कुकाई यांनी ८१६ मध्ये येथे साधनाकेंद्र उभारण्यास प्रारंभ केला. येथील कोयासान विद्यापीठात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते सप्टेंबर २०१५ मध्ये त्याचे अनावरण झाले.

पुतळ्यापुढे हात जोडावेत. मात्र त्याआधी डोंगराच्या वेशीवरील 'न्योनिन्दो', म्हणजे स्त्रियांचे सभागृह, अवश्य पाहावे. या पवित्र डोंगरावर स्त्रियांना प्रवेश नव्हता, त्यांनी तेथूनच परतायचे. सरकारने ही बंदी १८७२ मध्ये उठवली. महाप्रजापती गौतमीला प्रव्रज्या देणाऱ्या तथागतांच्या नावाने ही बंदी चालत होती! आमच्या भगिनींनी त्या सभागृहापासून सरळ वर चालत जावे आणि बाबासाहेबांना वंदन करावे.

काही व्यवहाराच्या गोष्टी

मार्च अखेर ते एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दिवस प्रवासाला बरे. रेल्वे व बससाठी 'इकोका' कार्ड घ्यावे, थोडी रोख रक्कमही जवळ ठेवावी. विहार बहुधा चार-साडेचारला बंद होतात, म्हणून सकाळी लवकर निघावे. चटईच्या खोलीत बूट काढूनच जावे. रेल्वेत मोठ्याने बोलू नये. कचरापेट्या कमी असल्याने कचरा पिशवीत ठेवून आणावा. बक्षिशी देण्याची पद्धत नाही. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे, की भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो.

समारोप

चार दिवसांत आपण औषधशाळा, पाठशाळा आणि पूल बांधणारा भिक्खू पाहिला. अपमान कोरलेल्या थडग्यांची हकीकत ऐकली, स्त्रियांना अडवणारी वेसही पाहिली. यावरून ध्यानात येते, की बौद्ध म्हणवल्याने समाज आपोआप समतेचा होत नाही. धम्म आचरणात उतरला तेथे माणूस उभा राहिला. तो केवळ विधीत उरला तेथे माणूसच बाजूला पडला. आपल्या वस्तीतील विहार बांधून झाले आहेत. आता त्यांच्या शेजारी शितेन्नोजीचे उरलेले तीन विभाग कधी उभे राहणार, हा प्रश्न घेऊन जो ओसाकाहून परतेल, त्याचाच प्रवास कारणी लागला.

अभ्यासासाठी प्रश्न

१. शितेन्नोजीच्या चार विभागांपैकी आपल्या संस्थेत आज कोणते काम चालते?
२. हलगी आणि ताइको यांबाबत दोन समाजांनी घेतलेले निर्णय तुम्हाला कसे वाटतात?
३. ग्योकींवर आधी बंदी घालणाऱ्या सरकारने पुढे त्यांचा सन्मान का केला?
४. बौद्ध देशातही बुराकु लोकांचा छळ झाला. यावरून आपण स्वतःसाठी कोणता बोध घ्यावा?

भवतु सब्ब मंगलम्!